टपालपेटीपर्यंत

लोरेन टपालपेटीच्या अलीकडे चाळीस पावलांवर थांबली.

लोरेन म्हणजे रणगाडा. खऱ्याच्या सहाव्या हिश्श्याचा, रिमोटवर चालणारा, पण वजन नव्वद किलो. तोफेच्या बुरुजावर हारलननं पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहिलं होतं. ही लोरेन कोण, हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही. आर्डिस तिला सवत म्हणायची आणि दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायची.

आता आर्डिस त्या सवतीच्या मागे बर्फात गुडघे टेकून बसली होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पारा शून्याखाली बावीस होता. वर रस्त्याकडेला, टपालपेटीपाशी, घराकडे तोंड करून पिकअप उभी होती. आत हीटर लावून हारलन बसला होता, मांडीवर रिमोट घेऊन. मागच्या सीटवर त्याची बॅग होती. ती आर्डिसनंच भरली होती, त्यानं त्या बॅगेकडे बघितलंही नव्हतं.

दुलुथच्या इस्पितळात एक वाजता त्याला दाखल व्हायचं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. नाही बदलली तर तलावावरचा बर्फ वितळेपर्यंत हा माणूस राहणार नाही, असं डॉक्टरांनी आर्डिसला तोंडावर सांगितलं होतं. पण हारलननं तीन आठवडे एकच धोशा लावला होता की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला छाती फाडून घ्यायची नाही. काल जेवताना त्यानं चमचा खाली ठेवला आणि पैज लावली. लोरेन तीन हिवाळे कोठारात पडून आहे. उद्या या थंडीत ती स्वतःच्या बळावर टपालपेटीपर्यंत आली, तर मीही येतो. नाही आली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आर्डिस बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिनं बॅटऱ्या गरम पाण्याच्या पिशवीबरोबर स्वतःच्या अंथरुणात घेतल्या. सकाळी लाल तार लालला, काळी काळीला, असं पुटपुटत जोडल्या. कोठाराच्या दारातून लोरेन पुढचे दिवे लावून घरघरत बाहेर आली तेव्हा आर्डिसला रडूच फुटलं.

आणि आता लोरेन ही अशी अडून बसली होती. थंडीनं बॅटरी पिऊन टाकली. इंजिनाचा तो स्पीकरमधून येणारा खोटा आवाज घोगरा होत होत बंद पडला.

खिशातली वॉकीटॉकी खरखरली. का थांबली, म्हणून हारलन विचारत होता.

"पट्ट्यात बर्फ अडकलाय," आर्डिस म्हणाली. "काढते. मी सांगितलं की पुढे दे."

तिनं भराभर विचार केला. गाडीच्या काचा बंद आहेत, हीटरचा पंखा चालू आहे, म्हणजे आवाज गेल्याचं त्याला कळलं नसणार. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. आपण बुरुजाच्या आड वाकलो तर फार तर टोपी दिसेल.

"दे पुढे," तिनं सांगितलं आणि खांदा लावला.

लोरेन हलेना. पूर्वी जानेवारीत सात जण आपापले रणगाडे घेऊन इथे यायचे आणि दुपारभर लढाया करायचे. त्यांचा नियम एकच होता, हात लागला की गाडी बाद. नियम हारलननंच केला होता आणि एकदा स्वतःच्या भावाला त्यापायी, लढाईनंतरचं सूपही न पिता, रुसून घरी जाऊ दिलं होतं. आर्डिसला हे सगळं ठाऊक होतं. तिनं बुटांच्या टाचा बर्फात रुतवल्या आणि पुन्हा रेटलं.

लोरेन वीतभर सरकली. चाकं फिरलीच नाहीत, पट्टे नुसते घासत गेले. आणखी वीतभर. श्वास घेतला की छातीत सुऱ्या लागत होत्या. मागे बर्फात पट्ट्यांची नक्षी जिथे संपली होती तिथून दोन गुळगुळीत चर सुरू झाले होते. ते तिनं बघितले आणि पायानं बुजवायला गेली, मग तेही सोडून दिलं.

"चल गं भवाने," ती दात आवळून म्हणाली. "नवरा तुझाही आहे."

दहा पावलं झाली असतील. मग खांदा पत्र्यावरून निसटला आणि ती तोंडावर पडली. टोपी उडाली. ती तशीच पडून राहिली, गाल थंडगार पत्र्याला लावून. तीस पावलं. तिला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. तिच्यात आता काही उरलं नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरली.

"आर्डिस."

"बर्फच काढतेय," ती म्हणाली.

"तिचे पुढचे दिवे केव्हाच गेलेत."

आर्डिसनं डोळे मिटून घेतले. दिवे पुढे होते आणि ती मागे. ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. संपलं होतं सगळं. तिला त्याचा राग आला, लोरेनचा आला, आणि मग रागही राहिला नाही.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली. मग हारलन खाकरला.

"मागचं झाकण उघड. आत दोन लाल खिट्ट्या आहेत. त्या वर ओढल्या की गिअर सुटतात, मग ढकलायला हलकी जाते." तो थांबला. धाप लागल्याचं ऐकू येत होतं. "आणि जरा हात चालव. उशीर होतोय आपल्याला."