कारणाचा रकाना

दारात सर्व्हेवाल्या बाई उभ्या होत्या. बाळ माझ्या कडेवर होतं आणि आई आत भांडी घासत होती.

"नोकरी करता?"

"नाही."

"शोधताय?"

"शोधत होते. चार महिन्यांपूर्वी तुमच्याच ऑफिसात मुलाखत दिली. आई तर ‘बाळाचं माझ्यावर सोड’ म्हणत सामानसुमान घेऊन राहायलाच आली. बाळाला अंघोळ घालतानासुद्धा फोन तिच्या हातात देऊन ठेवायचे, न जाणो, वाजला तर! नाहीच वाजला. मग नाद सोडला."

त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, तशी त्यांची बोटं टॅबवरच थांबली.

"अहो, म्हणजे त्या तुम्ही! यादीत तुमचं नाव पहिलं होतं, माझं दुसरं. तुम्ही नको म्हणालात म्हणून तर मला घेतलं."

"मी कधी नको म्हणाले?"

"साहेबांनी फोन केला होता ना. बाळ लहान आहे, तिला जमायचं नाही, असं तुमच्या घरून सांगितलं म्हणे."

आत भांड्यांचा आवाज थांबला. हात पुसत आई बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता तिने बाळाला माझ्याकडून घेतलं. "एवढंसं पोर टाकून कुणी जातं का गं?" ती पुटपुटली.

बाई अवघडल्या. "मग... नोकरी न शोधण्याचं कारण काय लिहू?"

बाळ आजीच्या खांद्यावर डोकं टेकून निवांत झालं होतं.

"लिहा," मी म्हटलं, "मूल सांभाळायला घरात विश्वासाचं माणूस नाही."