हात कुणाचे

भिंतीवर तेच नाव सतराव्यांदा उमटलं, तेव्हा कुठे चैतन्यचं लक्ष गेलं.

दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या दालनात सकाळपासून गर्दी होती. मधोमध काचेचं टेबल. काचेखाली प्रकाशाचे दोन हात बांबूच्या कामट्यांचं सूप विणायचे. पाहुण्यानं आपले हात त्या हातांवर ठेवायचे, ते फिरतील तसे फिरवायचे. चाळीस सेकंदांत सूप तयार, आणि समोरच्या भिंतीवर 'आजचे कारागीर' या मथळ्याखाली पाहुण्याचं नाव. नाव विचारून टाइप करायचं काम अक्षयाचं. टेबलाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं होतं : हात – अनामिक कारागीर, महाराष्ट्र.

चैतन्य रांग ओलांडून तिच्याजवळ आला. हे प्रदर्शन त्याच्या कंपनीनं उभारलं होतं.

"यार अक्षया, सिस्टम हँग झालीय का? एकच नाव येतंय."

"नाही सर. मीच टाकतेय."

"ही पुतलाबाई आहे कोण?"

"पुतळाबाई. माझी आत्या. तिचेच हात आहेत हे. तीनदा सांगितलंय मी तुम्हाला."

सांगितलं होतंच. पहिल्याच दिवशी तिनं ते हात ओळखले होते. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. बांबू फोडताना कोयता बसला तेव्हा अक्षया चौथीत होती. फडकं तिनंच बांधलं होतं. दिल्लीची माणसं दोन दिवस अंगणात कॅमेरे लावून बसल्याचं आत्या फोनवर बोलली होती. चमक येते, बांगड्या उतरवा म्हणाली ती माणसं. "माझा नवरा जिता हाय," आत्यानं त्यांना सुनावलं आणि बांगड्यांवर चिंधी गुंडाळून घेतली. इथे काचेखाली मनगटापासून वरचं सगळं कापून टाकलेलं होतं, चिंधीसकट.

चैतन्यचं तिन्ही वेळा एकच उत्तर होतं. डिझाइन लॉक झालंय.

"हे बघ," आता तो आवाज दाबून म्हणाला, "मिनिस्ट्रीच्या मॅडम खाली आल्यात. ती बास्केट त्या स्वतः विणणार आहेत, फोटो होणार आहेत. चुपचाप त्यांचं नाव टाक. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. बिल्कुल येऊ नकोस."

"बास्केट नाही सर. सूप."

"जे असेल ते!"

राजेंद्रनगरातल्या अभ्यासिकेची फी या कामातून निघत होती. यूपीएससीची पूर्वपरीक्षा दोन महिन्यांवर होती. अक्षयानं कीबोर्ड पुढ्यात ओढला.

मॅडम आल्या. मागे फोटोवाले, पुढे वाट काढणारे दोघं. मॅडमनी घड्याळ सावरलं, काचेवर हात ठेवले, ते नीट फिरवले. सूप पुरं झालं. टाळ्या पडल्या. मॅडम हसत भिंतीकडे बघत थांबल्या.

अक्षयानं टाइप केलं आणि बटण दाबलं.

पुतळाबाई सुरवसे.

"ये तो मेरा नाम नहीं है," मॅडम म्हणाल्या.

"टेक्निकल इशू है, मॅम," चैतन्य पुढे झाला.

"इशू नहीं है, मॅम." अक्षयाचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "आपके हाथ चालीस सेकंड चले. इनके पैंतालीस साल से चल रहे हैं. नाम इन्हीं का आएगा."

एका फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मॅडमचे हात अजून काचेवरच होते. त्यांनी खाली पाहिलं. काचेखालचे हात पुढचं सूप विणायला लागले होते. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून काढावेत तसे मॅडमनी आपले हात हलकेच उचलले आणि पुढच्या दालनाकडे वळल्या.

चैतन्यनं तळहात पुढे केला. अक्षयानं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं, सॅक उचलली आणि दाराकडे निघाली.

रांग तशीच उभी होती. कीबोर्डपाशी बसायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चैतन्यच बसला. मान खाली घालूनच म्हणाला, "नेक्स्ट. हात टेबलवर ठेवा, प्लीज."

पुढे इंदुमती पेंढारकर होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या. मघापासूनचं सगळं त्यांनी मॅडमच्या पाठीमागे उभं राहून ऐकलं होतं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

"हात राहू देत. नाव तेवढं लिही. पुतळाबाई सुरवसे."

चैतन्यनं वर पाहिलं. मग रांगेकडे. रांगेतलं कुणी हललं नाही. दारापाशी पोचलेली अक्षयाही थांबली. त्यानं ओठ आवळून टाइप केलं. भिंतीवर उमटलं : पुतलाबाई.

"ल नव्हे रे," इंदुमतीबाई म्हणाल्या. "ळ."

चैतन्यची बोटं कीबोर्डवरून इकडे तिकडे फिरली. "आँटी, तो... कुठे असतो?"

"असेल तिथंच कुठेतरी. शोध." त्यांनी खांद्यावरची पर्स नीट केली. "आम्ही उभे आहोत."