ब्याड

"तुमची मुलगी मला बॅड म्हणते," अंकिता मॅडम म्हणाल्या. "सगळ्या वर्गासमोर."

नीलम्मा शिक्षकांच्या खोलीत दाराशीच उभी होती. टॉवेलच्या कारखान्यातली पाळी अर्धी टाकून आली होती. पदराला अजून सुताचे तंतू चिकटलेले. तिसरीतल्या धनलक्ष्मीला तिनं बाहेर व्हरांड्यात थांबवलं होतं. येताना रस्ताभर तिनं एकच वाक्य मराठीत घोकलं होतं आणि नेमकं तेच आता ओठावर येईना.

"बॅड म्हंजे?"

"वाईट. इंग्रजीत. एरवी तोंडातून शब्द नाही, विचारलं तर मान खाली. आणि मागच्या बाकावर बस म्हटलं की बॅड. हात धरून उठवलं की बॅड. किती समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी."

नीलम्माला जरा वेळानं उमगलं. हसावं की रडावं तेच तिला कळेना. अक्कलकोटकडच्या त्यांच्या घरात हा शब्द उठता बसता चालतो. चहा ब्याड, भात ब्याड, आज आंघोळ ब्याड.

"मॅडम, ते इंग्रजी न्हाय की. कन्नड हाय. ब्याड म्हंजे नको."

खोलीतली सगळी हसली. मॅडमही हसल्या, बाई मनानं वाईट नव्हत्या. "अगं बाई! आणि मी तिला वर्गाबाहेर उभी करत होते." पण हसू लगेच ओसरलं. "मग नको म्हणायचं की मराठीत. मी कुठं आता कन्नड शिकत बसू?"

घोकलेलं वाक्य आता बाहेर पडलं. "मॅडम, शाळेत एक माणूस पायजे तिला बघणारं." मग पुढचं न घोकलेलंही आलं. "लघवीला जाऊ का, एवढं पण विचारत न्हाय. ओल्या कपड्यानं घरी येती. घरात लई बोलायची, आता घरात पण गप झाली. एकच माणूस, मॅडम. तिला जवळ जावं वाटंल असं."

"दोन वर्ग माझ्याकडं, वर मतदारयादीचं काम. कधी बघू सांगा की. कन्नड शाळेत का घालत नाही?"

"लांब हाय. न्यायला-आणायला कोण न्हाय."

मॅडमनी हात हवेत उडवले. त्यांच्याकडून हा विषय संपला होता.

खिडकीजवळ श्रीशैल सर डबा खात बसले होते. कडक भाकरी, शेंगाचटणी, कपाळावर पुसट झालेली विभूती. मागं एकदा शाळेच्या फाटकाशी त्यांना फोनवर बोलताना नीलम्मानं ऐकलं होतं. "ब्याड अव्वा, ब्याड," ते आईला सांगत होते. तेव्हापासून तिनं हा माणूस मनात जपून ठेवला होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ही तर चांगली फळी होती.

ती त्यांच्याकडं वळली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "सर, नीवरे स्वल्प नोड्री." तुम्ही तरी जरा बघा.

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. "सर, तुम्हाला कन्नड येतं?" मॅडम म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कळू दिलं नाही की."

सरांनी तोंडातला घास गिळला. त्यांचे कान लाल झाले होते. "थोडंफार समजतं," ते म्हणाले. मग नीलम्माकडं न बघता, "बाई, शाळेत मराठीतच बोलावं. मुलीलाही तशीच सवय लावावी."

'मराठीतच'मधला च त्यांनी अगदी घासूनपुसून उच्चारला. लहानपणी ज्याच्या कानडी वळणाच्या च ला कुणी हसलेलं नसतं, त्याला एवढी काळजी घ्यावी लागत नाही. नीलम्माला राग आला नाही. तिला सरांची कीव आली, आणि पोरीची त्याहून जास्त. ती बाहेर आली.

धनलक्ष्मी भिंतीला पाठ लावून उभी होती. नीलम्मा तिचं दप्तर उचलत होती, एवढ्यात डबा धुवायच्या निमित्तानं सरही व्हरांड्यात आले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, डब्यातून शेंगापोळीचा तुकडा काढला आणि पोरीसमोर वाकले.

"तगो," ते हळूच म्हणाले. घे.

पोरीनं मान वर केली. शाळेतल्या कुणाच्या तोंडाकडं तिनं असं कधी बघितलं नव्हतं. तिचा हात पुढं आला.

दारात मॅडमच्या चपला वाजल्या. सर ताठ झाले. तुकडा हातात तसाच होता, आवाज मात्र बदलला.

"घे," ते मोठ्यानं म्हणाले. "घे म्हणतोय ना मी."

धनलक्ष्मीनं हात मागं घेतला. एकदा सरांकडं बघितलं, एकदा मॅडमकडं.

"नको," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

अंकिता मॅडमना मनापासून आनंद झाला. "बघा," त्या नीलम्माला म्हणाल्या, "आलं की हिला."