तीनदा वाजलेली घंटी

लकव्यानं अल्लाबक्षचाचांची वाचाच गेली. काय हवंय, कुणालाच कळेना. मग चाचा ताट भिरकावत. मुलगा मतीन थकून त्यांना कराडबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणाला. सून अर्शियाला ते सोसेना. तिनं मोडक्या सायकलची घंटी काढून सासऱ्यांच्या खाटेला, चालत्या हाताशी बसवली. “अब्बा, एकदा वाजली की पानी, दोनदा की कूस बदलायची.” “काय पोरखेळ लावलायस?” मतीन करवादला. चाचांनीही तोंड फिरवलं. सकाळी घंटी वाजली, तीनदा. अर्शियानं पाणी दिलं, कूस बदलली; चाचा तीनदाच वाजवत राहिले. “तीनदाचं आपलं ठरलंच न्हाई, अब्बा!” ती रडकुंडीला आली. त्यांनी बोट दाराकडं केलं. तिथं मतीन आश्रमाला फोन लावत होता. तो थबकला. “तीनदा म्हंजे मी?” चाचांनी मान डोलावली. मतीन खाटेवर बसला. फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत राहिलं.