जिवंत टीप

आमचे हे टेलर. दुपारचं आवरलं की त्यांच्या दुकानातले उरलेले तुकडे घेऊन मी बसते आणि उशीएवढ्या गोधड्या शिवते. वर बटणं, लेस, जुन्या वहीचा कागद, हाताला लागेल ते लावत जाते. जीव रमतो माझा. ह्यांच्या मते तो चिंध्यांचा संसार. इतक्या वर्षांत एका चिंधीचं कौतुक त्यांच्या तोंडून निघालेलं नाही.

मागच्या महिन्यात एक मॅडम नवंकोरं जांभळं जॅकेट परत घेऊन आल्या, सोबत फूटपट्टीही. डाव्या बाहीची टीप दोन सूत वाकडी होती. "मास्तर, डोळे तपासून घ्या आता," हे त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. ह्यांनी बाही उसवली आणि नवी लावून दिली. जुनी बाही माझ्या पिशवीत आली आणि त्या टिपेसकट गोधडीत गेली.

काल ती गोधडी वाचनालयाच्या प्रदर्शनात लागली. प्रमुख पाहुण्या त्याच मॅडम. नेमक्या जांभळ्या तुकड्यासमोर थांबल्या, चष्मा पुसला आणि सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाल्या, "ही वाकडी टीप बघा. किती जिवंत आहे. असा हात लाखात एखाद्याचा असतो."

मी तोंड उघडायच्या आत हे हात जोडून पुढे झाले.



"मॅडम, उद्या ते जॅकेट घेऊन या. दोन्ही बाह्या जिवंत करून देतो."