छातीतली गाठ

“पुन्हा एकदा बघा ना,” ती म्हणाली. नवऱ्याचा रिपोर्ट सर्जनबाईंच्या हातात होता आणि तिला खुर्चीत धड बसवत नव्हतं.

तिची धास्ती काही उगीच नव्हती. तिच्या सासूबाईंनी दोन वर्षं घर डोक्यावर घेतलं होतं. ताटं भिरकावायच्या, रात्रभर येरझाऱ्या घालायच्या, हाडं दुखतात म्हणून रडायच्या. म्हातारपणी डोकं फिरलं, असं म्हणून सगळे मोकळे झाले. शेवटी रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं सापडलं. गळ्यातल्या एका इवल्याशा ग्रंथीला गाठ झाली की असं होतं म्हणे. सर्जनबाईंनी गळा उघडला, कोपरा न् कोपरा धुंडाळला, तर गाठ कुठंच नाही! ती मेली जाऊन बसली होती छातीत, हृदयाला खेटून. नव्या स्कॅनमध्ये दिसली, शेंगदाण्याएवढी. ती काढली आणि महिन्याभरात सासूबाई गरीब गाय झाल्या. सुनेला जवळ घेऊन म्हणाल्या, माझं फार चुकलं गं.

हे घराण्यात असू शकतं, मुलाचंही रक्त तपासून घ्या, असं बाईंनीच सुचवलं होतं. नवरा ऐकेल तर शपथ. सुनेनं कितीतरी मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे त्यानं सुई टोचून घेतली.

“यांचं सगळं नॉर्मल आहे,” बाई म्हणाल्या.

“छातीत असेल. सासूबाईंचीही आधी कुठे सापडली होती?”

गाठ कुठंही दडली तरी रक्तात कळतेच, बाईंनी समजावलं. सासूबाईंचंही आधी रक्तातच कळलं होतं. इथे शोधण्यासारखं काही नाहीच. पण सुनेचं समाधान होईना. यांनाही झोप लागत नाही, तिनं सांगितलं, एवढ्यातेवढ्यावरून भडकतात, अगदी सासूबाईंसारखे. दुसऱ्या लॅबमधून करून आणू का? बाईंनी रिपोर्ट पुन्हा नजरेखालून घातला आणि नकारार्थी मान हलवली. इतकी काळजी करणारी बायको मिळायला नशीब लागतं, म्हणून हसल्या. आता घरी जाऊन निवांत झोपा, म्हणाल्या.

ती उठली नाही. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत ओढलेल्या बाह्या तिनं आणखी खाली ओढल्या.

“मग डॉक्टर, हे मला मारतात, ते कशानं?”