गोंड्याची टोपी

पोलीस ॲक्शननंतर शाळा उघडली त्या दिवशी आबांनी माझ्या डोक्यावरची गोंड्याची लाल टोपी काढून गांधी टोपी बसवली. निजामाच्या राज्यात नोकरी मिळावी म्हणून त्यांनीच मला बडवून लाल घालायला लावली होती. मी दोन्ही टोप्या ओसरीवर फेकल्या आणि निघालो. "उघड्या डोक्यानं चाललास? घरात कोण मेलंय?" आबा ओरडले. पंधराव्या वर्षी निदान डोकं तरी आपलं असावं का नाय? गुलमंडीच्या चौकात शाळेतला माझ्या बाकावरचा हबीब दिसला, तोही उघड्या डोक्यानं. मला लई बरं वाटलं. "तूबी फेकलीस?" मी विचारलं. त्यानं केसांवरून हात फिरवला. "मैं नै फेका. अम्मी चूल्हे में डाल दी." मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "तेरी लाल टोपी है ना? मेरे वास्ते रख ले. तेरे घर कोई फौजी तलाशी को नै आता."